खाडा : दुधाचा आणि ऊसतोडीचा

'खाडा' हा शब्द आमच्या घरी फक्त दुधाला. दूध नको त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात 'खाडा' लिहायचं, महिनाअखेर तेवढे पैसे वजा. ऊसतोड कामगारांबद्दल वाचताना 'खाड्याचा दंड' असं आलं. हा तोच शब्द का?

—

तोच. नेमात पडलेला खंड म्हणजे खाडा. 'तालमीला खाडा नको' म्हणतातच.

—

शब्द तोच, पण हिशोब निराळा. मी बीड जिल्ह्यातला, घरची माणसं तोडीला जायची, म्हणून सांगतो. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम. ती नवरा-बायको मिळून घेतात आणि त्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. मोजणी हत्याराची, माणसांची नाही. मजुरी टनावर, त्यामुळे दोघांतलं एक जरी अंथरुणाला खिळलं तरी तोड अर्ध्यावर येते. दुधाच्या खाड्यात तेवढ्यावरच भागलं असतं. इथे वर दंड, बऱ्याच टोळ्यांत दिवसाला 500 रुपयांच्या आसपास. तो उचलीत चढतो, उचल फिटत नाही, बाकी अंगावर राहते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

बाईला ताप आला तरी खाडा, पाळीत पोट धरून बसली तरी खाडा. माझी चुलती तिशीतच 'पिशवी काढून' आली. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात. बीड जिल्ह्यात 3 वर्षांत अशा 4605 शस्त्रक्रिया झाल्याचं 2019 मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं. कारणं अनेक होती, खासगी दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीतीही. पण चुलतीच्या तोंडी एकच होतं, "खाडे परवडत नाहीत."

—

मग 'खाडा'ऐवजी 'गैरहजेरी' म्हटलं तर?

—

नको, त्याने दंड झाकला जाईल. फडात मला 'रजा' हा शब्द कधी ऐकू आला नाही, उणीव त्याची आहे. रजा मूळ अरबी, अर्थ संमती. आजारी बाईला बसू द्यायला कुणाची तरी संमती असणं, तेही मजुरी न कापता, हे कारखान्याच्या नफ्याआधी यायला हवं. साखर तिच्याच हातून सुरू होते.

—

आणि कारखान्यामुळे काम थांबलं तर त्या दिवसाला काय म्हणतात?

—

शब्दच नाही. मशीन बिघडलं, तोड बंद, की कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून राहायचं. त्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही आणि त्याला खाडाही कुणी म्हणत नाही.