पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक टाकावेत की ड्रम ब्रेकच नीट करावेत?

घाटमाथा_८२
माझी प्रीमियर पद्मिनी ८२ ची. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ते काढून आधीच्या मालकाने जिप्सीचं १३०० टाकलंय, टायर पण रुंद आहेत, गाडी मस्त पळते पण ब्रेक मात्र जुनेच, चारी ड्रम आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा) नाही. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट उतरत होतो, हेळवाक सोडल्यावर काही वळणं नीट गेली आणि मग पेडल खाली जायला लागलं, पंप करत करत कशीबशी पोफळीला आणली, मागे आई बसली होती. त्या दिवशीच ठरवलं, पुढे डिस्क टाकायचीच. इंजिन वाढवलं तर ब्रेक वाढवलेच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटत नसेल तर सांगा.

जुना_मिस्त्री
नाही पटत. आधी सांगा, पेडल मऊ लागत होतं का कडक? लाइनर (शूवरचं घासणारं अस्तर) तापले तर पेडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही. मऊ होऊन तळाला गेलं तर ब्रेक ऑइल उकळलं, लाइनमध्ये वाफ झाली.

घाटमाथा_८२
मऊ, काका. अर्धा तास थांबलो, गार झाल्यावर पेडल परत वर आलं. ऑइल कधी बदललंय माहीत नाही.

जुना_मिस्त्री
मग डिस्कवर पैसे का घालता? डॉट ३ ऑइल नवीन असताना २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, हवेतली ओल पिऊन जुनं झालं की १४० च्या आसपास उकळतं. डिस्क लावली आणि तेच ऑइल ठेवलं तर तेही उकळेल. डॉट ४ भरा, दर दोन वर्षांनी बदला, ड्रम लेथवर लावून घ्या, शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल) ड्रमच्या गोलाईला बसवून घ्या, व्हील सिलेंडर (चाकाजवळ शू ढकलणारे) गळून ओले आहेत का बघा. आणि कुठल्या गिअरमध्ये उतरत होता?

घाटमाथा_८२
तिसऱ्या.

जुना_मिस्त्री
चढताना दुसरा लागतो ना तिथे? मग उतरताना पण दुसराच. मी चाळीस वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिनींचं काम केलंय, सगळ्या ड्रमवरच धावल्या.

रस्ता_आणि_मी
काका, मुंबईच्या ट्रॅफिकमधली टॅक्सी वेगळी आणि १३०० वाली घाटातली वेगळी. स्पीड ६० चा ८० केला तर ब्रेकला पावणेदोन पटीहून जास्त उष्णता जिरवावी लागते. ड्रममध्ये ती कोंडते, वर ड्रम तापून फुगतो आणि शूला जास्त लांब जावं लागतं. डिस्क उघड्या हवेत असते, पाण्यातून गेली तरी लवकर सुकते. यांच्या आई मागे बसतात, इथे काटकसर नको.

नटबोल्ट
डिस्कच्या बाजूने आहे, पण अर्धवट काम करणाऱ्यांच्या नाही. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो, डिस्कला ती मदत नाही, म्हणून बूस्टर नसेल तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल जास्त लागतं, मास्टर सिलेंडर (पेडलने ऑइल ढकलणारा) त्या मापाचा हवा. ड्रमसाठीचा प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड घासत राहतात. माझ्या जीपला एका गॅरेजने हेच केलं, ३० किमीत रिम हात लावू देईना आणि पॅडचा वास केबिनमध्ये. आणि बूस्टरने फक्त पायाचा जोर कमी लागतो, चाक आधीच लॉक होत असेल तर पुढचं काम टायरचं.

कागदपत्र
जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल केलेला चालत नाही असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल म्हटलंय. इंजिन आरसीवर चढलंय का? नसेल तर अपघात झाल्यावर विम्याच्या क्लेमला अडचण येऊ शकते. ब्रेकच्या आधी हे बघा.

घाटमाथा_८२
इंजिन आरसीवर आहे. काका, ऑइल आणि गिअरचं मान्य, या रविवारी सगळं ऑइल काढून डॉट ४ भरतो. पण डिस्कचं मत बदललं नाही, आणि मास्टर सिलेंडर सिंगल लाइनचा आहे, एक पाइप फुटला तर चारी चाकं गेली, तो दोन सर्किटचा करणारच.

जुना_मिस्त्री
दोन सर्किटचा कराच, त्यावर माझं भांडण नाही. डिस्क टाकलीत तर मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० ला जोरात दाबून बघा, मागची चाकं आधी लॉक झाली तर घाटात नेऊ नका.