मदत हवी आहे: १९६५ ची एमजीबी घेऊन कोल्हापूर ते कोची, निघण्याआधी काय काय बदलू?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आंबोलीतून खाली उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचा बेत आहे. गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, कापडी टपाची. एका बाजूने हजार किलोमीटरच्या आसपास पडतील. सोबत बायको आहे आणि तिची अट एकच: टोचन लावून घरी यायचं नाही. (दुसरीही अट आहे, पण ती हॉटेलांबद्दल आहे.)

गाडी काकांची. आजवर पन्हाळा, जोतिबा, फार तर निपाणी, एवढीच तिची धाव. दसऱ्याला दसरा चौकात महाराजांची जुनी मेबॅक गाडी निघते तशी चकाकणारी गाडी मला नको आहे. रंग उडालाय तो तसाच राहू दे. न थांबता जाऊन यायचं, बस्स.

इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. धूर नाही, ऑइल प्रेशर छान, पाणी पीत नाही. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजू देत नसे. ते पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, म्हणून हेड उघडून कठीण सीट बसवून घेतल्या आहेत. ऑइल २०डब्ल्यू-५०. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे निप्पल शोधून ग्रीस मारलंय.

खरं सांगायचं तर लोखंडाची मला चिंताच नाही. बुश, पिन, शाफ्ट काहीही असो, उद्यमनगरात नमुना टेबलावर ठेवला की टर्नर चहा संपायच्या आत माप घेतो. ज्या गावानं शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिनं ओतली, त्याला ही गाडी काय जड? घोडं अडतं ते रबराशी. रबर लेथवर चढत नाही, आणि बाहेरून तुकतुकीत दिसणारा पाइप आतून कुजला आहे का, हे बघूनही कळत नाही.

त्यातून पहिला प्रश्न पेट्रोलचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. ऊस आपला, कारखाने आपले, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करायची! पण जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं आणि मऊ करतं, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. माझे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे पाइप कधीचे आहेत, देव जाणे. सगळे बदलायचे हे ठरलंय. पण कुठल्या प्रतीचे घेऊ? आणि कार्बोरेटरची सेटिंग बदलावी लागेल का? आताशा सकाळी गार असताना गाडी रेस पकडत नाही, मिसिंग करते.

दुसरा प्रश्न ब्रेकचा, आणि झोप उडवणारा हाच आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, बूस्टर नाही. सर्किट एकच. म्हणजे चारपैकी एका चाकाचा पाइप फुटला की पेडल थेट तळाला, हातात उरतो फक्त हँडब्रेक. आंबोलीच्या उतारावर हा विचार मनात आणू नये म्हणतात, पण येतोच. मास्टर सिलेंडर आणि व्हील सिलेंडरचे सील इंग्लंडहून मागवले आहेत. (तिकडे या गाडीचा जवळजवळ प्रत्येक तुकडा नवा मिळतो, अख्खी बॉडीसुद्धा. कस्टमची ड्यूटी भरायची तयारी मात्र हवी.) सील बदलले की काम झालं, की लवचीक होजही काढायचे?

तिसरा: गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, डायनामो, ल्युकासची वायरिंग. ओळखीचा वायरमन म्हणतो, सरळ निगेटिव्ह अर्थ करून टाका, म्हणजे मोबाइल चार्जर आणि रेडिएटरला एक जादा पंखा लावता येईल. करू का?

कागदांचं आधीच सांगतो, म्हणजे ती चर्चा लांबणार नाही. नोंदणीचं नूतनीकरण झालंय, नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमात ‘व्हीए’ मालिकेची सोय आहे, फी २०,००० रुपये. पण त्यात नोंद केली की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं वगैरेसाठी. मला तर ती चालवायची आहे. म्हणून तिकडे गेलोच नाही.

टायर २०१४ चे आहेत. नक्षी भरपूर शिल्लक आहे.

---

प्रतिसाद (उद्यमनगरकर):

पाइपवर ‘आर ९’ छापलेलं बघून घ्या, दादा. त्याला आतून फ्लोरो रबराचं अस्तर असतं, इथेनॉल त्याला काही करत नाही. मीटरवर विकणारा साधा काळा पाइप स्वस्त पडतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या सुईचाही विचार करा, तिथेही रबर असू शकतं.

मिसिंगचं कारण बहुधा मिश्रण पातळ झालंय हे असणार. इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं. एसयूला हे सोपं आहे: जेटखालचा षट्कोनी नट थोडा खाली उतरवा, एकेक पैलू करत. दोन्ही कार्बोरेटरना सारखंच. मग प्लगचा रंग बघा. पांढरट असेल तर अजून खाली, फिकट तपकिरी आला की हात काढा.

आणि हो, इथेनॉल जुन्या टाकीतला राळेसारखा साका सोडवतं. तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. जादा फिल्टर खिशात ठेवल्यासारखे ठेवा. मागचा इलेक्ट्रिक पंप टिकटिक करायचा थांबला तर पान्यानं हळूच टिचकी मारा, चालू होतो. पण ते हॉटेल गाठण्यापुरतं. पुढच्या दिवशी त्याचे पॉइंट घासायचे.

---

प्रतिसाद (सांगलीचा वायरमन, आता निवृत्त):

प्रवासाच्या तोंडावर अर्थ बदलू नका. काम अवघड नाही: बॅटरीचे टर्मिनल उलटायचे, डायनामोच्या फील्डला ठिणगी देऊन त्याची ध्रुवता बदलायची, कॉइलच्या वायरी फिरवायच्या. स्टार्टर आणि वायपरला कुठल्याही दिशेचा करंट चालतो. पण तुमच्या साली या गाडीला इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर आला होता, त्याला दिशा कळते. आत बदल न करता उलटा करंट दिला तर तो गेला.

मोबाइलसाठी एवढा खटाटोप? पॉवर बँक घ्या, वहिनींसाठी एक वेगळी घ्या. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बॉडी म्हणजेच प्लस, चार्जरच्या प्लगचं बाहेरचं कवच मायनस असतं. धातूचं ते कवच बॉडीला टेकलं की शॉर्ट.

पंख्यापेक्षा रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई फिरवून सफाई) करून घ्या. नळ्यांत साठलेला क्षार निघाला की अर्धं दुखणं तिथंच संपतं. ब्लॉकचा मागचा ड्रेनही उघडा, शेवटच्या सिलेंडरजवळ गाळ बसतो आणि तो भाग पाण्यावाचून तापतो. गरम हवेसाठीचा ७४ अंशांचा थर्मोस्टॅट मिळतो, तो टाका. डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर चालू असेल तर तो काढून नवा घालू नका! नवा डिकीत ठेवा. हल्ली नवे कंडेन्सरच आधी दगा देतात.

---

प्रतिसाद (घाटवाटा):

होज काढाच, तिन्ही. जुना होज आतून सुजला की तेल जातं पण परत येत नाही, मग चाक धरून राहतं आणि घाटात तापतं. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ भरा. वर्षानुवर्षं राहिलेल्या तेलात पाणी उतरतं, उतारावर ते उकळतं आणि पेडल पोकळ होतं.

सील बसवल्यावर लगेच आंबोलीला जाऊ नका. आधी जोतिबाचा घाट उतरून या, थांबून चारही चाकांना हात लावून बघा. एखादं जास्त तापलं असेल तर ते धरतंय. आंबोलीत दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक सारखा दाबून ठेवू नका. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

---

धागालेखक:

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्थ बदलणं रद्द, पॉवर बँक दोन. रेडिएटर उद्या उतरवतोय. जेटचा नट एकेक पैलू खाली घेतला तर आजच रेस पकडायला लागली, प्लग अजून पांढरट आहेत म्हणजे आणखी जागा आहे. होज सीलबरोबरच मागवले.

पान्यांचंही सांगून ठेवतो: या गाडीला इंची पाने लागतात, त्यातला चार सुताचा (अर्ध्या इंचाचा) आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे आहेत. एका जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी अख्खी पिशवीच दिली.

टायरबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. स्पोकची चाकं आहेत, त्यामुळे ट्यूब लागतेच. माप १४ इंची, १६५ चं. नक्षी चांगली असली तरी इतक्या वर्षांचं रबर घेऊन गरम डांबरावर दिवसभर पळायची मला हिंमत होत नाही. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावात या मापाचे टायर आणि त्यात बसणाऱ्या ट्यूब कोणी अलीकडे घेतल्या असतील तर कृपया दुकान सांगा. आणि चाकाच्या हबच्या दात्यांना ग्रीस कुठलं लावता तेही. रिव्हर्स टाकताना मागून ‘टक’ असा आवाज येतो. दाते झिजले असतील का?