सुप्त, छुपी, अदृश्य की मुकी? एमएसच्या लक्षणांसाठी शब्द हवा

भुसावळहून प्रश्न:

एका माहितीपत्रकाचं मराठी तपासतेय. विषय मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, मेंदू नि मज्जारज्जूचा आजार. मलाही तोच आजार आहे, म्हणून शब्दांवर जरा अडून बसलेय. पत्रकात 'सुप्त लक्षणे' लिहिलंय. सुप्त म्हणजे झोपलेलं. माझ्या पायातल्या मुंग्या मला रात्री तीनला उठवतात, त्या कसल्या झोपल्यात? 'छुपी' म्हटलं की कोणीतरी लपवतंय असा वास येतो, आणि आमच्यावर सोंगाचा आळ आधीच आहे. 'अदृश्य' अर्थाने बरोबर, पण बोलताना कोण म्हणतं?

शेजारच्या आजी भेटल्या की म्हणतात, "चांगली त दिखस व माय तू!" मायेनंच म्हणतात, म्हणून उलटून बोलताही येत नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कशाला शब्द हवाय ते कळेल. गेल्या मे महिन्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. ज्वारीचा घाटा गरम, वर भुसावळचं ऊन. आठ-दहा बिबडे झाले आणि उजव्या डोळ्यापुढे दुधी काच धरल्यासारखं झालं. ओल्या धोतरावरचे बिबडे एकमेकांत मिसळले. खाली कूलरसमोर मानेवर ओला पंचा घेऊन बसले, तासाभरात नजर परत आली. तोवर जाऊबाई वर एकट्याच राबत होत्या. त्यांना काय दिसलं? ऐन कामाच्या वेळी उठून गेलेली बाई.

धुळ्याहून:

तुम्ही सांगितलंत त्याला नाव आहे, उथॉफची घटना. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये ती नोंदवली. मज्जातंतूवरचं मायलिनचं वेष्टण गेलं की अंगातली थोडी वाढलेली उष्णताही संदेश अडवते. अंग निवलं की वाट पुन्हा सुरू. त्यात नवी इजा होत नाही. म्हणूनही 'सुप्त' चालणार नाही, दुपारी एकदम जागं असतं ते!

गंमत अशी की स्क्लेरोसिस म्हणजे कडक होणं. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि लक्षणं दिसत नसली तरी नाव पडलं ते मेंदूत नि मज्जारज्जूत डोळ्यांना दिसणाऱ्या कडक चट्ट्यांवरून.

जळगावहून:

'थकवा' हा शब्दही तपासा. शीण कामाने येतो आणि झोपेने उतरतो. एमएसमधला थकवा झोपून उठल्यावरही असतो. माझ्या भावाला आहे, तो 'गळाठा' म्हणतो. 'हातपाय गळाले' मात्र नको, त्याचा अर्थ घाबरलो असा होतो. तसंच 'बधिर' आणि 'मुंग्या'. आपण दोन्हीला 'सुन्न' म्हणून मोकळे होतो. डॉक्टरांना मात्र स्पर्श कळत नाही की नसता स्पर्श जाणवतो, हे वेगवेगळं हवं असतं. (बधिर म्हणजे मुळात बहिरा. कातडीचा बहिरेपणा, चपखल आहे.)

नंदुरबारहून:

आपल्याकडे शब्द आहे की! मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणकतंय. 'मुकी लक्षणं' करा.

पुन्हा धुळ्याहून:

छान आहे, पण मुका मार चार दिवसांत बरा होतो आणि मारणारा बाहेरचा असतो. इथे स्वतःचीच प्रतिकारशक्ती मायलिनवर उठलेली. शिवाय मुकं म्हणजे न बोलणारं, आणि ही लक्षणं रोग्याशी अखंड बोलत असतात.

जळगावहून:

कागदोपत्री तरी साधं ठेवा. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. अर्जाला जोडलेल्या टिपणात आम्ही 'सुप्त' लिहिलं, तर टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे अजून सुरू झालं नाही का?"

भुसावळहून:

हे वाचून निकाल लागला. मथळा 'बाहेरून न दिसणारी लक्षणं'. लांब आहे, असू दे. 'गळाठा' घेतेय. बरगड्यांभोवती दोर आवळल्यासारखं होतं, त्याला काही जण 'मिठी' म्हणतात. तो शब्द कापला, 'आवळ' लिहिलं. मुका मार मथळ्यात नाही, पण घरच्यांसाठीच्या पानावर एका ओळीत ठेवलाय.

काल आजींवर तो वापरून पाहिला. "आजी, मुका मार आहे, आतून." त्या थबकल्या, माझा हात हातात घेऊन निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "मंग हयद लाई का व?"