इंडिकाप्रधान वाण : झिंग म्हणावं की गुंगी?

अनुवादिका, नाशिकरोड : आरोग्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 'इंडिका-डॉमिनंट स्ट्रेन' आलाय. 'भारतीय जातीचा गांजा' लिहिलं तर चालेल का? आणि परिणामाला 'नशा' म्हणू की 'झिंग'?

पंचवटीकर : 'भारतीय' अजिबात नको, खरी गोची तिथंच आहे. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८५ साली 'कॅनाबिस इंडिका' हे नाव भारतातल्या नमुन्यांवरून ठेवलं खरं. पण आज बाजारात इंडिका म्हणतात ते बुटकं, दाट, रुंद पानांचं झाड अफगाणिस्तान-हिंदुकुशाकडचं. आपल्याकडचं झाड उंच, निमुळत्या पानांचं. बाजाराच्या हिशेबात ते जातं 'सॅटायव्हा' या दुसऱ्या गटात! तेव्हा सरळ 'इंडिकाप्रधान वाण' लिहा. संकर करून, निवडून वाढवलेलं ते वाण. पिंपळगावचा द्राक्षबागायतदार थॉमसन, सोनाका यांना हेच म्हणतो.

तपोवनी : 'वाण' पटलं. परिणामाबद्दल : झिंग डोक्यात चढते, माणूस बडबडतो, उगाच हसतो. इंडिकाचं वर्णन करणारे सांगतात ते निराळं. अंग सैल पडतं, हातपाय जड होतात, पापण्या मिटायला लागतात. ही गुंगी. 'सुस्ती' दुपारच्या पुरणपोळीलाच राहू द्या. घशाला कोरड, लाल डोळे, खवळलेली भूक हे मात्र इंडिकाच्या खात्यावर टाकू नका; टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असलेल्या कुठल्याही वाणाने ते होतं.

अनुवादिका : आणि गांजा, भांग, चरस? मूळ लेखात सगळीकडे एकच शब्द आहे.

पंचवटीकर : आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि कायद्यालाही ते वेगळे लागतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. नुसतं पान त्या व्याख्येत नाही, म्हणून भांग तिथून सुटते (राज्याच्या दारूबंदी कायद्यातून नाही सुटत, हे ध्यानात असू द्या). झाडाला 'भांग'च म्हणा. 'भांगेत तुळस' आपण झाडालाच उद्देशून म्हणतो ना?

तपोवनी : जाता जाता एक. २०१५च्या कुंभात साधुग्राममध्ये 'साफी' ऐकला. चिलमीच्या बुडाशी गुंडाळायचं ओलं फडकं. भांगेला तिथं 'विजया', नाहीतर 'बूटी'. लेखात यातलं काही घालू नका, वाचक गोंधळेल.

अनुवादिका : मग असं लिहिते : 'इंडिकाप्रधान वाणांमुळे अंग सैलावते व गाढ गुंगी येते.'

पंचवटीकर : 'गाढ' काढा, ती झोपेची. आणि 'येते' ऐवजी 'येते असे मानले जाते' करा. वाणाच्या नावावरून परिणाम ठरत नाही. टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचं प्रमाण, मात्रा आणि घेणाऱ्याची प्रकृती यांवर बरंच अवलंबून असतं. संशोधक ही इंडिका-सॅटायव्हा विभागणी फारशी भरवशाची मानत नाहीत. भाषांतरात मूळ लेखापेक्षा जास्त ठामपणा यायला नको.

अनुवादिका : मूळ लेखच ठाम आहे हो काका. तळटीप टाकते.