'मसल स्पॅझम'ला मराठीत काय म्हणायचं? पेटका, गोळा, उसण की झटका?

फिजिओ_चिंचवड:
नमस्कार मंडळी, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे पेशंटला घरी न्यायला एक मराठी पत्रक देतात, त्यात 'मसल स्पॅझम'चं, म्हणजे स्नायू अचानक आवळून बसतो त्याचं, कोणीतरी 'स्नायूंना झटके येणे' असं करून ठेवलंय. गेल्या आठवड्यात साठीच्या एक मावशी कंबर धरली म्हणून आल्या, पत्रक घेऊन गेल्या, सुनेने ते वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मावशी रडतच हजर, मला आता फिट येणार का गं, माझा भाऊ झटका आला तसाच गेला. त्यांना समजवायला अर्धा तास गेला आणि मला फार वाईट वाटलं, कारण दुखणं साधं होतं, भीती आमच्या शब्दाने घातली. मग सरळ 'पेटका' लिहू का? पण पाठीला पेटका म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

माणदेशी:
ताई, आधी तो 'झटका' काढाच. आणि सगळ्या अंगाला चालेल असा एकच शब्द शोधू नका, आपल्याकडे जागा बदलली की शब्द बदलतो आणि क्रियापदही बदलतं. पोटरीत पेटका येतो नाहीतर गोळा येतो, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक भरते, मान आखडते, कंबर धरते, पोटात मुरडा येतो, पापणी लवते, उचकी लागते. उचकीसुद्धा यातलीच बरं का, छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा अचानक आकसतो आणि त्याच क्षणी घशातली फट बंद होते म्हणून तो आवाज येतो. 'पोटरीत उसण भरली' असं कोणी म्हणणार नाही आणि 'पाठीला गोळा आला' म्हटलं तर माणूस टेंगूळ शोधेल. माझ्या लहानपणी कडब्याच्या पेंढ्या उचलताना वडिलांना उसण भरली की आजी पायाळू माणसाला बोलवायची, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो, आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायची. वडील दोन दिवस वाकडेच चालायचे, पण शब्द ऐकल्याबरोबर घरात सगळ्यांना कळायचं की काय झालंय आणि ते जिवावरचं नाहीये.

वऱ्हाडी_सून:
आमच्याकडे पोटरी आखडली की 'नसेवर नस चढली' म्हणतात, अगदी सर्रास. मला सातव्या महिन्यात रोज रात्री व्हायचं, झोपेतून ओरडत उठायचे. सासूबाई नस उतरवायची म्हणून जोरजोरात चोळायच्या आणि मी अजून कळवळायचे. शेवटी सिस्टरने सांगितलं की नस कुठे चढत नाही, स्नायू आवळून बसतो, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरायची. खरंच सुटतं. म्हणून पत्रकात 'नस चढणे' एकदा तरी लिहा, म्हणजे आमच्याकडच्या माणसाला कळेल, पण ती नस नाही हेही लिहा.
आणि 'गोळा' जपून वापरा हो. माझ्या नणंदेचा मुलगा परदेशातच वाढलेला, आईचे 'पायात गोळे येतात' त्याने तिथल्या डॉक्टरला गाठी आहेत असं सांगितलं आणि पायाची सोनोग्राफी होऊन गेली. 'गोळा येणे' मधला गोळा येतो आणि जातो, गाठ जात नाही, हे त्या पोराला कोण सांगणार.

दोन_लेकरांची_आई:
मी 'झटका' आणि 'आकडी' बद्दल लिहिते कारण मी ते भोगलंय. धाकटा 14 महिन्यांचा असताना तापात अचानक ताठ झाला, डोळे वर गेले, दातखीळ बसली, मग हातपाय झाडायला लागला. मी नवऱ्याला फोन करून 'बाळाला झटका आला' एवढंच ओरडले आणि त्याला वाटलं विजेचा, तो तिकडून मेन स्विच बंद कर मेन स्विच बंद कर करत होता. शेजारच्या आजी धावत आल्या, बघितल्या बघितल्या म्हणाल्या आकडी आलीय, आणि त्या एका शब्दाने पुढचं सगळं हललं, रिक्षा आली, दवाखान्यात गेलो. मात्र त्यांनी कांदा हुंगवला आणि कोणीतरी दातात चमचा घालायला गेलं. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं की तोंडात काहीही घालायचं नाही, घट्ट धरून ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं आणि 5 मिनिटांच्या वर गेलं तर थांबायचंच नाही, लगेच हॉस्पिटल. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना तापात असं होऊ शकतं आणि बहुतेक मुलं पूर्ण बरी असतात, माझा आता दुसरीत आहे.
म्हणून हात जोडून सांगते, आकडीचा शब्द कंबरदुखीला वापरू नका आणि कोणी आकडीला पेटका म्हणत असेल तर तिथल्या तिथे विचारा, माणूस शुद्धीवर होता का? पेटक्यात माणूस ओरडतो, बोलतो. माझं बाळ हाकेला ओ देत नव्हतं.

देवगडकर:
दातखीळवरून आठवलं. आपण घाबरून बोलता येईना झालं की दातखीळ बसली म्हणतो, पण धनुर्वातात ती खरोखर बसते, बऱ्याचदा सुरुवातच जबड्यापासून होते आणि मग पाठ मागे धनुष्यासारखी ताणली जाते, म्हणून तर नाव धनुर्वात. जखमेनंतर तोंड उघडेना झालं तर उसण, पेटका असलं काही म्हणत घरी बसू नये, एवढी ओळ तुमच्या पत्रकात घाला.

फिजिओ_चिंचवड:
सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी दादा, पायाळूचा पाय मात्र पेशंटना सांगणार नाही, साठीनंतर हाडं ठिसूळ असतात. नवीन मजकूर असा केलाय: 'तुमच्या पाठीचे स्नायू आखडले आहेत, यालाच उसण भरणे किंवा कंबर धरणे म्हणतात. ही आकडी किंवा फिट नाही.' पायाच्या पत्रकात 'पोटरीत पेटका येणे, गोळा येणे, नस चढणे' तिन्ही ठेवलेत, खाली नस चढत नाही ही ओळ आणि बोटं ओढायचं चित्र. धनुर्वाताची ओळ चौकटीत वेगळी.
काल मावशींना फोन केला, म्हटलं पाठीत उसण भरलीय तुमच्या. त्या म्हणाल्या, "उसण होय! मग तसं सांगायचं की गं आधीच."
अजून एक राहिलं. लिहून लिहून किंवा शिवणकाम करून बोटं आखडतात, सुई सुटत नाही हातातून, त्याला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?