मदत हवी आहे: जंतू साध्या टेस्टमध्ये औषधाला सेन्सिटिव्ह, मग बायोफिल्ममध्ये का मरत नाही?

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोला आहे, प्रोजेक्ट युरिन कॅथेटरवरच्या स्युडोमोनास या जंतूवर, आणि तीन आठवडे झाले डोकं पार आऊट झालंय म्हणून इथे विचारतेय.

माझ्याकडे दोन आयसोलेट (वेगळे काढून वाढवलेले जंतू) आहेत. एक डिस्क टेस्टमध्ये (अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून करतात ती) जवळपास सगळ्यालाच रेझिस्टंट, आणि दुसरा अगदी गरीब बिचारा, टोब्रामायसिन या अँटिबायोटिकचा एमआयसी (वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण) फक्त १ मायक्रोग्रॅम. मी धरून चालले होते की फिल्म (म्हणजे बायोफिल्म, पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा थर) पहिलाच जाड करणार, तर झालं उलटंच. ९६ वेल (छोटे खळगे) असलेली प्लेट ३७ डिग्रीला २४ तास ठेवली, धुतली, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट (फिल्म रंगवणारा जांभळा रंग) घातलं, तर या गरीब बिचाऱ्याच्या वेलमध्ये काठाला गडद जांभळी रिंग आणि रेझिस्टंटवाल्याचं जेमतेम फिकट.

खरा घोळ पुढेच. या गरीब बिचाऱ्याच्या तयार फिल्मवर ६४ मायक्रोग्रॅम टोब्रामायसिन घातलं, दुसऱ्या दिवशी खरवडून प्लेटवर लावलं तर कॉलन्या आल्याच! वाटलं म्युटंट असेल, म्हणून त्याच कॉलन्यांचा एमआयसी परत काढला, तर परत १. दोनदा केलं. मॅडम म्हणतात कंटॅमिनेशन असेल, नीट कर. पण कॉलनी तशीच हिरवट, वासही तोच गोडसर. माझं नक्की चुकतंय कुठे? आणि क्रिस्टल व्हायोलेटची रीडिंग कडेच्या वेलमध्ये एवढी वरखाली का होतात?

प्रतिसाद १
अगं चुकलेलं नाही, हेच तर बघायचं असतं. रेझिस्टन्स जीनमध्ये असतो, पुढच्या पिढीत जातो. तुला दिसतोय तो टॉलरन्स, म्हणजे जीन न बदलता तग धरणं, फिल्म मोडली की तोही गेला. १९४४ साली जोसेफ बिगरना पेनिसिलीन आणि स्टॅफिलोकोकसमध्ये हेच दिसलं होतं, वाचलेले थोडे जंतू परत वाढवले तर पुन्हा सेन्सिटिव्ह. बिगरनीच या वाचलेल्या जंतूंना पर्सिस्टर नाव दिलं. तुझ्या केसमध्ये अजून दोन गोष्टी असणार, एक तर टोब्रामायसिनवर पॉझिटिव्ह चार्ज, ते मॅट्रिक्समधल्या (फिल्मच्या चिकट गरातल्या) डीएनएला आणि अल्जिनेट या चिकट पदार्थाला वाटेतच चिकटून बसतं, आणि दुसरं म्हणजे खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, पेशी झोपल्यासारख्या, आणि हे औषध आत घ्यायलाच पेशीला ऊर्जा लागते. एमआयसी काढतो आपण मोकळ्या तरंगत्या जंतूंवर, फिल्मसाठी एमबीईसी (फिल्ममधले जंतू मारायला लागणारं सगळ्यात कमी प्रमाण) काढ, झाकणाला खुंट्या असलेली प्लेट मिळते. म्हणूनच तर कॅथेटर बदलल्याशिवाय असं इन्फेक्शन बऱ्याचदा हटत नाही.

प्रतिसाद २
कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, त्यात नुसतं पाणी भर आणि आतलेच वेल वापर. धुताना पिपेटचा जोर भिंतीवर मारू नकोस, फिल्मचे तुकडे निघून जातात. आणि किती मेले हे क्रिस्टल व्हायोलेटवरून ठरवू नकोस, ते मेलेल्या पेशी आणि मॅट्रिक्सही रंगवतं, औषधानंतर सीएफयूच (जिवंत जंतूंपासून वाढलेल्या कॉलन्या) मोज. मॅडमच्या शंकेसाठी मूळ आणि वाचलेली कॉलनी दोन्हींचं डीएनए टायपिंग (एकच जंतू आहे का ते ओळखणं) करून टाक, बँड जुळले की विषय संपला.

धागालेखिका
खूप आभार दोघांचेही! प्लेटवर लावायच्या आधी औषध धुवून काढलं नव्हतं मी, त्यामुळे कॉलन्या उलट कमीच दिसल्या असतील ना? सोमवारी धुवून परत लावते.