वृद्धाश्रमातल्या सिस्टर आणि मावशींना नैराश्य ओळखायला कसं शिकवायचं?

नमस्कार. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे ३८ आजी-आजोबा, चार एएनएम सिस्टर आणि ब्युरोकडून आलेल्या मावशी.

गेल्या महिन्यात एका आजींच्या फाइलमध्ये रोज एकच शेरा दिसला : ‘शांत आहेत, त्रास नाही.’ बीपी, शुगर, शौचाला झाली की नाही, सगळं वेळच्या वेळी लिहिलेलं. आजी मात्र तीन किलोंनी उतरलेल्या, पहाटे तीनपासून टक्क जाग्या. खोलीच्या दाराशी रोज ठिपक्यांची रांगोळी काढायच्या, तीही बंद. मावशींना रांगोळीचं माहीत होतं, पण ते सिस्टरला सांगायचं असतं हे आम्ही त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, नैराश्याचं औषध सुरू केलं. आता अर्धी पोळी तरी जाते.

तेव्हापासून मी रोज ड्युटी बदलताना वीस मिनिटं शिकवते. जीडीएसचा (जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल, म्हणजे वृद्धांमधलं नैराश्य चाचपायची प्रश्नावली) १५ प्रश्नांचा छोटा तक्ता घेतलाय. हो-नाही उत्तरं, ५ च्या वर गुण गेले की डॉक्टरांना कळवायचं. हे निदान नव्हे, नुसती चाळणी, एवढं सगळ्यांना पटलंय.

अडतंय ते विचारताना. ‘आयुष्यात समाधानी आहात का?’ म्हटलं की आजोबा हात जोडतात, ‘देवाच्या कृपेनं सगळं छान.’ शेजारच्या कॉटवरचे ऐकत असतात, मग दुसरं काय म्हणणार? ‘बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावंसं वाटतं का?’ या प्रश्नाला तर एक आजी रडायलाच लागल्या. घर म्हणजे त्यांचं सांगलीचं घर. आम्ही तिथे ‘खोलीत’ असं केलं. असे शब्द बदललेले चालतात का? तपासून घेतलेलं मराठी भाषांतर कुणी वापरलंय का?

स्मृतिभ्रंश जास्त असलेल्यांना हा तक्ता लागू पडत नाही. त्यांच्यासाठी कॉर्नेलचा १९ मुद्द्यांचा तक्ता आहे, त्यात सांभाळणाऱ्या माणसालाही विचारतात. म्हणजे मावशींचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं, आणि आमच्या निम्म्या मावशींना लिहिता येत नाही. त्यांच्याकडून नोंद कशी घ्यायची?

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. ‘आता देवानं न्यावं’ हे आमच्याकडे दिवसातून दहादा ऐकू येतं. मावशी म्हणतात, मरणाचं विचारू नये, डोक्यात भरतं. तसं होत नाही, उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो, हे मी सांगते, पण त्यांची जीभ रेटत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लावलाय. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदाच येतात. मधल्या दिवसांत असं कुणी बोललं, तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मावशींना त्यांच्याच भाषेत कसं शिकवू? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढची बॅच सोमवारी आहे.